झोपलेल्या पलटणीची हजामत

आमच्या गोऱ्या पलटणीचा इतिहास साहेबलोकांच्या मेसमध्ये जाडजूड पुस्तकात लिहिलेला होता. कुठली लढाई, कुठला कर्नल, किती पदकं. त्यात गजाधर न्हाव्याचं नाव नाही, पैजेवर सांगतो. अकरा वर्षं ज्यानं त्यांच्या हनुवट्या सांभाळल्या त्याचं नाव नाही, आणि कर्नलच्या घोड्याचं आहे! असो. मी बुंदू भिस्ती. मला लिहिता येत नाही, म्हणून तोंडानंच सांगतो.

गोरा शिपाई आमच्या मुलखात आला की पहिली चैन शिकायचा ती झोपेत हजामत करून घेण्याची. बिगूल व्हायच्या आधी न्हावी बराकीत शिरायचा आणि एकेका खाटेवर वाकायचा. शिपाई उठायचा तो गुळगुळीत गाल घेऊनच. न्हाव्याची सगळी अब्रू एका गोष्टीत, कुणी जागं होता कामा नये. गजाधरच्या हाताखाली सव्वीस खाटांमध्ये कुणी कूससुद्धा बदलत नसे. त्याच वेळी मी तिथले माठ भरायचो. पखालीचं पाणी जरा जोरात पडलं की हा माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या घरावर दरोडा घातलाय.

"बुंद्या, पखाल आहे की धबधबा?" बाहेर आल्यावर सुरू व्हायचं.

"दादा, पाणी आहे ते. आवाज करणारच."

"मग त्याला हळू बोलायला शिकव."

असा खडूस माणूस. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. पलटण जाईल तिथं वस्तरा घेऊन जायचा. सरहद्दीच्या वाटेवर छावणीत पटकी शिरली, तेव्हा सहा दिवसांत एकतीस गोरे गेले. मढी ठेवलेल्या तंबूत जायला कुणी धजेना. गजाधर मला म्हणाला, पाणी तापव. मी चिडलो. "अरे, मेलेल्याला गरम पाणी कशाला?"

"थंड लागलं तर दचकेल," तो म्हणाला, आणि वाटी घेऊन आत गेला. एकतीसच्या एकतीस जणांना त्यानं नीट दाढी करून मातीत पाठवलं. तंबूबाहेर टॉम लोविक नावाचा शिपाई उभा होता. त्याचा थोरला भाऊ आत होता. टॉमला आमची भाषा तेव्हा धड येत नव्हती, पण तेवढं वाक्य त्याला बरोबर कळलं.

मग आम्ही सागरच्या छावणीत आलो आणि दुसऱ्या हिवाळ्यात गजाधरचा हात थरथरायला लागला. आधी त्यानं स्वतःची दाढी करणं सोडलं. मी विचारलं तर म्हणे, "नवस आहे."

"कसला?"

"तुला रे काय करायचंय?"

मला कळायचं ते कळलं. मग एका कवायतीला तीन हनुवट्या कापलेल्या दिसल्या. सार्जंट कटबुश म्हणजे रागीट लाल तोंडाचा माणूस. त्यानं सगळ्यांदेखत ठणकावलं, पुन्हा रक्त दिसलं तर न्हावी बदलणार. पलटण विलायतेला परत जायला नऊ महिने उरले होते. त्या दिवशी गजाधर माझ्या ओट्यावर येऊन बसला. भाकरी पुढे ठेवली तर शिवला नाही.

"बुंदू, ही पोरं इथून निघेपर्यंत मला करू दे. एवढंच. मग ह्या हाताचं काय व्हायचं ते होवो."

जणू काही ते माझ्या हातात होतं! मला रडू आलं. मी उगाच त्याच्यावर खेकसलो, भाकरी गार होतेय म्हणून.

पण खरंच, त्यानंतर कवायतीत एकही ओरखडा दिसेना. मला वाटलं, अल्लाची मेहेरबानी. मग एकदा शेवटचा माठ भरायला मी मागे राहिलो. गजाधर बाहेर पडला, आणि अख्खी बराक उठून बसली! सव्वीस जण, एकदम, गुपचूप. कुणी आपला वस्तरा काढून राहिलेले खुंट काढतोय, कुणी दुसऱ्याच्या गालाला तुरटी लावतोय. दारात कटबुश पाठमोरा उभा, बाहेर छावणीच्या तळ्याकडे बघत, जसं काही त्याला दिसतच नाही.

टॉमनं ओठावर बोट ठेवलं. "बुंदू, गप्प. गजाधरबाबाला सांगायचं नाही."

म्हणजे थरथरत्या पात्याखाली हे सगळे रोज डोळे मिटून, जागे, पडून राहत होते. आणि ह्या माणसांना मी अकरा वर्षं शिव्या घालत होतो. टॉम तर आयुष्यात कधी घोरला नव्हता, तो आता मोठमोठ्यानं घोरायचा.

"अरे, म्हशीसारखा काय घोरतोस? संशय येईल ना!" मी त्याला बजावलं. तो नुसता हसला.

निघायचा दिवस उजाडत होता. ट्रंका बांधून दाराशी लागल्या होत्या. गजाधरनं सव्विसावी हजामत उरकली, वस्तरा पुसला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या बराकीत मोठ्यानं बोलला.

"उठा रे पोरांनो, पुरे झालं. झोपलेला माणूस वस्तऱ्याखाली आवंढा गिळत नाही. तुम्ही नऊ महिने गिळताय. आणि टॉम, तुला मुळीच घोरता येत नाही."

कुणी हललं नाही. मग टॉम उठून बसला. त्याच्या हनुवटीवर रक्ताचा बारीक थेंब होता.

"माहीत होतं, तर बोलला का नाहीस, बाबा?"

"एवढ्या मायेनं झोपला होतात. उठवू कसा? न्हावी आहे मी."

टॉमनं त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला आणि त्याला स्वतःच्या खाटेवर आडवं केलं. गजाधर नको नको म्हणत होता, पण ऐकतो कोण. टॉम माझ्याकडे वळला. "बुंदू, पाणी. गरम आण."

मी मुदपाकखान्याकडे धावलो आणि तापलेलं पाणी घेऊन आलो. नऊ महिन्यांची पांढरी दाढी, आधी कात्रीनं, मग वस्तऱ्यानं. बाकीचे पंचवीस जण खाटेभोवती उभे. डोळे मीट, टॉम म्हणाला. गजाधरनं मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि टॉम ते टाळून अलगद पातं फिरवत होता. बिगूलवाला दारात आला, तर कटबुशनं हात करून त्याला थांबवलं.

आणि गजाधर घोरला. साफ खोटं. टॉमपेक्षाही वाईट.