अर्ध्या भाकरीचं पिल्लू

केसरबाईंच्या चांदी कुत्रीची पिल्लं धाडच्या बाजारापर्यंत नावाजलेली होती. रानडुकरापुढं पाय रोवून उभी राहायची, घरच्या वासरावर मात्र कधी भुंकायची नाहीत. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. बौद्धवाड्यातल्या त्यांच्या अंगणात पिल्लासाठी लांबून माणसं येत.

केसरबाई पैसे घेत नसत. पण दूध सोडून भाकर खाऊ लागल्याशिवाय पिल्लू कोणाला देत नसत. आणि नेणाऱ्यानं आधी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्या चुलीवरची भाकर मोडायची. अर्धी आपण खायची, अर्धी हातानं पिल्लाला भरवायची. त्यांच्या आईचीही हीच रीत होती.

गावातले शेतकरी रंगराव आले तेव्हा त्यांचा भुईमूग काढणीला आला होता आणि डुकरं रान उकरत होती. मजूर सांगायला ते या वाड्यात कितीदा आले होते, पण कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते. आताही ते अंगणाबाहेरच थांबले.

"एक पिल्लू दे बाई. डुकरं शेंग ठेवून नाई राह्यली. बारकं असलं तरी भुंकून मले जागं करन."

"या ना भाऊ, बसा. भाकर तव्यावरच हाय."

"मी जेवून निघालो."

"मंग भूक लागल्यावर या."

"माह्या घरी भरवतो न त्याले! तिथं काय भाकर नाई?"

दोर वळत बसलेले दयाराम, केसरबाईंचे यजमान, हसले. "डुकरायले सांगा भाऊ, मालकाले भूक लागेपर्यंत दम धरा म्हना."

रंगराव तडक निघून गेले.

"द्यायचं होतं," मागाहून दयाराम म्हणाले. "पीक जाते न त्याचं."

"पीक जाते, मले समजते. पन ज्याले माही भाकर चालत नाई, तो माह्या पिल्लाले जवळ घेईन? फेकलेल्या तुकड्यावर वाढन ते."

रंगरावांनी नांदुऱ्याच्या पाहुण्याकडून थोराड कुत्रा आणला. तो दावं तोडून पळाला. डुकरांनी आणखी एक पट्टा उकरला, तेव्हा ते परत आले.

या वेळी ते अंगणात शिरले. गल्लीकडं एकदा पाहिलं आणि ओट्यावर बसले. केसरबाईंनी ताटलीत भाकर आणि ठेचा ठेवला. रंगरावांनी भाकर मोडून अर्धी पिल्लाला भरवली. त्यानं बोटंही चाटली.

"आता तुमी," केसरबाई म्हणाल्या.

रंगरावांनी तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. दुसरा ठेच्याला लावला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

"पानी... पानी दे!"

केसरबाईंनी तांब्या पुढं केला. रंगराव घटाघटा प्यायले, मग डोळे पुसून उरलेली भाकर मुकाट्यानं संपवली.

उपरण्यात पिल्लू गुंडाळून ते निघाले.

"साखळी नका बांधू भाऊ इतक्यात," केसरबाईंनी मागून सांगितलं.

"हाव," रंगराव म्हणाले. चालता चालता त्यांनी पिल्लाच्या तोंडावरचं उपरणं जरा बाजूला केलं.