शेरा

पडद्यावर एका म्हाताऱ्याचा चेहरा आला, उशीवर टेकलेला, डोळे अर्धवट उघडे. आमच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेत परीक्षकांना फोटोचं नाव सांगत नाहीत. "डोळ्यांत जीव नाही," परीक्षक म्हणाले. मी स्वयंसेविका, शेरा लिहून घेतला आणि पुढचा फोटो लावला. प्रत्येक चेहऱ्यापाशी हळहळत बसलं तर निकाल कधी लावायचा? चेहऱ्यांना नुसते फोटो समजलं, की काम जेवणाआधी उरकतं.

नाकारलेल्यांना शेरे कळवायचं कामही माझंच. तेव्हा यादीत त्या फोटोचं नाव वाचलं: 'बाबा, गेल्यानंतर तासाभराने'. तरी शेरा जसाच्या तसा पाठवला. नियमच तसा आहे.

दूरच्या देशातून, फोटो पाठवणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या मुलीचं एका ओळीचं उत्तर आलं, "तुमच्या परीक्षकांनी बरोबर ओळखलं."