नमस्कारापुरता कॅमेरा

माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एकही वस्तू पारखल्याशिवाय घरात आणली नाही, आणि त्या वस्तूंत मीही आलो. त्यांची सगळी हयात ठाण्याच्या मिठाच्या कचेरीत गेली. खाडीकाठच्या आगरांवर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून ते त्याची प्रत सांगत, आणि पुढे पुढे जिभेला ती खोडच जडली. छत्रीची मूठ म्हणू नका, नवा दोर म्हणू नका, काही म्हणून सुटत नसे. नवा तांब्या घरी आला की आधी हे चाटणार, मग सासूबाई बडबडत तो चिंचेने घासणार. मला बघायला कल्याणला आले तेव्हा देवाची कृपा, चाटलं तेवढं नाही, पण अंगणात फेऱ्या मारायला लावल्या, उन्हात उभं करून डोळे पाहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा बरा आहे. जरा सर्दट वाटतो." आमची आई हे वाक्य मरेपर्यंत विसरली नाही.

पहिल्या दिवाळसणाला जावयाने रुसायचं आणि काहीतरी मागून घ्यायचं, ही आपली रीतच. मला नुकतंच फोटोंचं वेड लागलेलं. चांगलं तोंड फुगवून बसलो आणि कॅमेरा मागितला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सासरे मात्र एकदम खुलले. मला मागच्या पडवीत नेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, माझ्या मनातलं बोललात. हिचा दमा तुम्ही बघताच आहात. वैद्यबुवा हल्ली माझी नजर चुकवून पुड्या बांधतात. उद्या ही गेली, तर हिचा चेहरा माझ्याजवळ उरायचा नाही हो!" अडचण एकच होती. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी सासूबाईंची पक्की खात्री, आणि त्या कॅमेऱ्यापुढे बसणं शक्य नव्हतं.

तेव्हा सासऱ्यांनी ठरवलं, की कॅमेरा असा घ्यायचा, की सकाळी तुळशीपुढे हात जोडून ही डोळे मिटते, तेवढ्यात काम झालं पाहिजे. आगगाडीने आम्ही मुंबईला कोटातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पारशी, मोठा सोशिक. तो एकेक कॅमेरा पुढे ठेवी, सासरे त्याचं लाकूड चाटून "साग आहे" किंवा "फसवताय" असा निकाल देत, आणि मग भर दुकानात उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेऊन, हात जोडून, डोळे मिटून उभे राहत. मी भिंगावरचं झाकण काढून परत लावायचं. डोळे उघडून विचारत, "झालं?" गिऱ्हाइकं हसत होती, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. अशा किती खेपा झाल्या कोण जाणे. तुळशीचं लग्न जवळ आलं. शेवटी तो पारशीच म्हणाला, "शेठ, हा घेऊन जा. फोटो उतरतो त्या काचा कोरड्या, आयता मसाला लावलेल्या. नवशिक्याला हाच बरा, आणि बाईंचा नमस्कार पण मोडायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीच्या खांबाआड दबा धरून बसलो. सासूबाई आल्या, त्यांनी हात जोडले, मी झाकण काढलं, लावलं. फत्ते! पण काच धुऊन बघतो तो नुसतं धुकं. तुळशीवृंदावन कसंबसं ओळखू येत होतं, माणूस नाहीच. भिंग पाहिलं, तर त्यावर अंगठाभर हळदकुंकू! पहाटे सासऱ्यांनी झाकण काढून कॅमेऱ्याची पूजा केली होती. "नवं हत्यार पुजल्याशिवाय चालवायचं कसं?" एवढंच ते म्हणाले आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. दुपारी पानावरही आले नाहीत.

सासूबाईंनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या सरळ आत गेल्या, शालू नेसून, नथ घालून बाहेर आल्या आणि अंगणात पाट मांडून बसल्या. "काढा, जावईबापू. घटायचं असेल तेवढं घटू दे. ह्यांचं असलं तोंड मला बघवत नाही." फोटो इतका सुरेख आला, की सासऱ्यांनी तो चाटलासुद्धा नाही. दोन्ही हातांत धरून नुसते रडत बसले.

त्यानंतर मी कितीदा म्हटलं, आता तुमचा काढू या. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून मला सूचना देत ते म्हणायचे, "माझा कशाला? मी इथेच आहे की!" पुढच्या चैत्रात साध्या तापाचं निमित्त झालं आणि सासरेच गेले. दमा आहे तसाच आहे, सासूबाईही आहेत. वर्षश्राद्धाला ठाण्याला गेलो तेव्हा त्यांनी भिंतीवरचा आपला फोटो काढून माझ्या हातात दिला.

"हा तुम्ही घेऊन जा, जावईबापू. माझं तोंड बघून मला काय करायचंय? ह्यांचं कुठे बघू, ते सांगा."