आत्याच्या घरची छत्री

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आत्याचे म्हणून सांगतो.

माझे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचे. आमच्या शेवगाव तालुक्यातली पुष्कळ माणसं जात. मुलंही बरोबर जात, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहत आणि हळूहळू शाळेतून गळत. मला आत्यानं ठेवून घेतलं. ती वडिलांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नसलेली. गावातच पत्र्याचं छप्पर असलेल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. "ह्याला फड दाखवायचा न्हाई," असं ती वडिलांना म्हणाली होती. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो तो त्या एका वाक्यामुळं.

तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. मी नगरला कॉलेजला गेलो तेव्हा घरी फोन नव्हता, म्हणून पत्रं लिहायचो. ती शेजारच्या काकू वाचून दाखवत. काकू सातवी झालेल्या होत्या आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. एक पत्र दोनदा वाचावं लागे, कारण पहिल्या वेळी आत्याचं सगळं लक्ष मी नीट जेवतो की नाही, एवढ्या एका ओळीकडंच असायचं.

पुढं काकूंकडं टीव्ही आला, भिंतीवर छत्री आली. डिशला आमच्याकडं छत्रीच म्हणतात. तेव्हापासून देवापुढं दिवा लावला की आत्या कापसाचा पुंजका घेऊन त्यांच्याकडं जायची. मालिका चालू असायची, आत्या वाती वळायची, काकू काहीतरी निवडत बसायच्या. दोघी बघायच्या कमी आणि बोलायच्या जास्त.

मला नोकरी लागली, भिंगारला भाड्यानं खोली घेतली. एका सुट्टीला गावी गेलो होतो. संध्याकाळी आत्याला बोलवायला काकूंकडं गेलो, तर काकूंचे पाहुणे कॉटवर बसलेले, आणि आत्या पार दाराशी, उघड्या फरशीवर, चौकटीला पाठ टेकून. मला ते लागलं. मी शिकलो, साहेबांच्या बरोबरीनं खुर्चीत बसायला लागलो आणि माझी आत्या लोकांच्या दारात बसून टीव्ही बघते. मी कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला टीव्ही घेऊनच गेलो आणि फुकट चॅनेलची छत्री बसवायला शेवगावहून माणूस बोलावला.

तो पन्नाशीचा, शांत माणूस होता. मोटरसायकलला मागं छत्री बांधून आला. आधी अंगणातल्या शेळीला वळसा घालून घराभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर बसवा म्हटलं तर मान हलवली. "वारं सुटलं तर छत्री ऱ्हाईल, पत्रा जाईल," म्हणाला आणि भिंतीत चार भोकं पाडून छत्रीची नळी घट्ट बसवली. काकूंच्या छत्रीकडं बोट दाखवून म्हणाला, "ती बघा. तिचं तोंड जिकडं तिकडंच आपलं. आकाशातली जागा एकच हाय."

मग तो शिडीवर आणि मी आत टीव्हीसमोर. पडद्यावर सिग्नलचा आकडा दिसे, तो मी ओरडून सांगायचा.

"किती?"

"चाळीस."

"आता?"

"गेलं."

"गेलं कुठं, माझ्या हातातच हाय की."

आत्या चहा घेऊन उभी होती, ती हसली. तेवढ्यात आवाज ऐकून काकू अंगणात आल्या. कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाल्या, "आता काय बाई, सवताची छत्री. आता तू कशाला येतीस आमच्याकडं."

ही थट्टा होती. आत्यानं उलट काहीतरी म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या. आत्या बोलायच्या आत मी दारातून बाहेर आलो आणि म्हणालो, "खरंय काकू. आता आत्याला कुणाच्या दारात बसायची गरज नाही."

मला वाटलं, मी तिचा मान राखला. काकूंनी कमरेवरचे हात खाली घेतले. "चांगलं केलंस," म्हणाल्या आणि घरात गेल्या.

चित्र स्वच्छ आलं. उतरल्यावर त्या माणसानं आत्याला विचारलं, "आजी, कुठलं चॅनेल बघता?"

"शेजारी लागतं त्ये," आत्या म्हणाली.

त्यानं शोधून ते लावून दिलं आणि रिमोटच्या त्या बटणांवर तांबड्या रंगाचे ठिपके दिले. काम अगदी चोख होतं.

त्यानंतर मी संध्याकाळी आत्याच्या नव्या मोबाइलवर फोन केला की विचारायचो, "टीव्ही बघतेस ना?" ती म्हणायची, "बघते की." मला बरं वाटायचं. एकदोनदा गावी जाऊनही आलो, पण सकाळी जाऊन दुपारी परत, त्यामुळं संध्याकाळ कधी दिसली नाही. असं दीड वर्ष गेलं.

त्या दिवाळीला मात्र चार दिवस राहिलो. टीव्हीवर फुलं भरलेला रुमाल टाकलेला होता. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. ठिपके होते तसेच ताजे. दिवेलागण झाली, आत्यानं दिवा लावला आणि भिंतीला टेकून वाती वळत बसली. मी टीव्ही लावला. चित्र पहिल्या दिवसाइतकंच स्वच्छ.

"तू लावत नाहीस का गं?"

"एकलीनं काय बघायचं," ती म्हणाली. "त्यातली बाई वंगाळ वागली तर कुनाला सांगायचं?"

"मग काकूंकडं जायचं."

"तूच म्हनलास ना, दारात बसायचं न्हाई. आन् त्या दिवसापासून तिनंबी हाक मारली न्हाई. आपून कसं जायचं?"

मी विचारलं, "पण तुला तिथं दाराशी का बसवायचे?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहानपणी मी पाढा चुकल्यावर बघायची. पाढे तिला येत नव्हते, पण मी अडखळलो की तिला कळायचं. "कोन बसवतंय? ती कॉटवर बस म्हनून डोकं खायाची. दारातनं आपली शेळी दिसती. कुत्री फिरत्यात तिन्हीसांजंला."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगण झाडत होत्या. "कवा आलास?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काल." पुढचं सगळं तोंडाशी आलं होतं, पण एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ते बाहेर पडलं नाही. दोन्ही भिंतींवर दोन छत्र्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. मी भिंगारला परत आलो आणि पुष्कळ वर्षांनी आत्याला पत्र लिहिलं. फोनवर ती एकटीनं ऐकली असती. पत्र वाचून घ्यायला तिला कुणाकडं जावं लागेल, हे मला माहीत होतं.

ती गेली. पत्र हातात धरून काकूंच्या अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "पोराचं पत्र आलंय." हे मला काकूंनी सांगितलं, आत्याच्या दहाव्याला. त्यानंतर दोघी रोज संध्याकाळी बसल्या, पण आत्या संक्रांतीच्या आधीच गेली. त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले. मधलं दीड वर्ष मी खाल्लं. तिचं माझ्यावर एवढं ऋण होतं आणि मी तिला दिली ती ही छत्री.

काकूंनी पत्र जपून ठेवलं होतं, ते माझ्या हातात दिलं. घडीवर विरलं आहे. ते असं:

"आत्या, नमस्कार. मी नीट जेवतो. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू पहिल्याच वेळी ऐकशील.

"छत्री बसवली त्या दिवशी मी काकूंना जे बोललो ते तुझं म्हणणं नव्हतं, माझं होतं. तुला विचारलं नव्हतं. तुला दारात बसलेली बघून मला लाज वाटली, तुला कधी वाटली नव्हती. तुझ्यामुळं मी शिकलो आणि शिकून तुझीच बसायची जागा काढून घेतली. मला माफ कर.

"काकू, हे तुम्हीच वाचत असाल, म्हणून तुम्हालाही लिहितो. आत्यानं छत्री मागितली नव्हती. तुमच्याकडं यायचं तिनं मनानं कधीच बंद केलं नाही, ती हाकेची वाट बघत होती. माझी सगळी पत्रं तुम्ही तिला वाचून दाखवलीत, आणि तुम्हालाच मी तसं बोललो. मला क्षमा करा.

"एक विनंती आहे. आज वाचून झालं की तिला लगेच जाऊ देऊ नका. आणि कॉटवर बस म्हणू नका. ती दाराशीच बसेल. तिथून शेळी दिसते."