बापाच्या दोऱ्यातली कन्हान

माझा बाप विणकर होता आणि त्याला लिहिता येत नव्हतं. हातमाग बंद असेल त्या दिवशी तो खाप्याला जायचा, कन्हान नदीच्या डोहांत गळ टाकायला. कुठल्या डोहात किती पाणी, तिथे कोणता मासा, हे तो दोऱ्यात ठेवायचा. एक गाठ म्हणजे एक हात खोली. तिच्याशेजारी लुगड्याच्या काठातलं उरलेलं रंगीत सूत बांधायचा: लाल म्हणजे मरळ, पिवळं म्हणजे वाम. दर ऋतूचा दोरा वेगळा. लहानपणी तो मला हे दोरे बोटांनी वाचायला लावायचा. चुकलो की मागाचा धोटा डोक्यात.

नदी आणि मासेमारीवर लिहिणारे एक मोठे लेखक त्याला घाटावर भेटले. पुढे कितीतरी वर्षं बाप त्यांना नदी दाखवत होता. त्यांच्या पुस्तकांत डोह आले, मासे आले, पाण्यावरचं ऊन आलं. बाप एकदाच आला, 'एक अडाणी सोबती' म्हणून. ती ओळ मी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "बरं लिहिलं गा त्यायनं." मला लेखकापेक्षा त्याचाच राग आला.

नंतर लेखकांनी दोऱ्यांचा डबा नेला. चार दिवसांत परत करतो म्हणाले. बाप मेला तरी डबा आला नाही. मी मागायला गेलो तर दारातूनच सांगितलं, सापडत नाही.

लेखक वारल्यावर, आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, त्यांची मुलगी इतवारी बाजारातल्या माझ्या सुताच्या दुकानात आली. त्याच बोळात मी कधीकाळी डोक्यावर गठ्ठे वाहिले होते. ती कॉलेजात शिकवायची. हातात तोच डबा. वडिलांचं शेवटचं पुस्तक तिला पुरं करायचं होतं. डोहांवरचं प्रकरण कोरं होतं, वर फक्त टीप: दोऱ्यांवरून लिहिणे. ते दोरे वाचणारा मी एकटा उरलो आहे, हे तिला खाप्यात कळलं होतं.

मी माझी अट सांगितली: मुखपृष्ठावर बापाचं नाव, लेखकाच्या नावाखाली. ती हसली. मी चहा मागवला. सौद्यात मी घाई करत नाही. प्रकाशक ऐकणार नाही, म्हणाली. मी आतल्या पानावर उतरलो. ती आभाराच्या ओळीवर अडून बसली. दुसऱ्या चहाला मी म्हटलं, निदान त्या प्रकरणाच्या डोक्यावर नाव द्या. तिने मान डोलावली. मी पहिला दोरा काढला, बोटं फिरवली आणि चैत्रातला पहिला डोह सांगितला. ती भराभर लिहून घेत होती.

लिहिता लिहिता म्हणाली, "तसं बाबांनी तुमच्या वडिलांचं काही देणं ठेवलं नव्हतं हो. दर दिवाळीला आमच्याकडचं धोतर जायचं की तुमच्याकडे."

वापरलेली धोतरं. जन्मभर लोकांसाठी कापड विणणाऱ्या माणसाला. त्याने ती कधी नेसली नाहीत. आई फाडून त्यांची मागाचं तेल पुसायची फडकी करायची.

विणकराची गाठ ओढली की आवळते, उलटी दुमडून ढकलली की सुटते. मी दोऱ्याची एकेक गाठ सोडवायला लागलो. तिला आधी वाटलं, वाचतोच आहे. लाल सूत टेबलावर पडलं तेव्हा तिचं पेन थांबलं.

"काय करताय, भाऊ?"

"तुमचं धोतर वापस करून राहिलो, बाई."

तिने डबा ओढला. मी तिचा हात बाजूला सारला. तुमच्या वडिलांसाठी तरी ठेवा, असं ती रडत म्हणाली. मी म्हटलं, "अडाणी माणसाचं काय ठेवता? बसा, चहा थंडा होऊन राहिला." शेवटचा दोरा सरळ झाल्यावर मी सगळे डब्यात भरून तिच्यापुढे सरकवले. "घ्या. आता वापस नाही केले तरी चालते."

पुढे पुस्तक आलं. मी विकत घेतलं, बापाचं नाव नसल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. नाव होतं, प्रकरणाच्या डोक्यावर, ठरलं होतं तसंच. खाली एकच डोह, अर्धं पान. त्यापुढे पान कोरं.

बाकीचे डोह मला पाठ असतील असं वाटलं होतं. एका दुपारी दुकानात कागद घेऊन बसलो. बोटं नुसती हलत राहिली. तिने शब्द पाळला, याचा राग अजून जात नाही.