डावं पान

"एवढा बांध सोडायचा."

असं म्हणून आक्का कागदाच्या कडेवर दोन बोटं आडवी ठेवायच्या. तेवढी जागा कोरी. तिथे अक्षर यायचं नाही, चित्र यायचं नाही, अध्यक्षांचा फोटो तर अजिबात यायचा नाही. डिझाइन शिकलेले लोक त्याला मार्जिन म्हणतात. आक्का शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांच्यासाठी तो बांध होता. "बांध कोरला की भांडणं व्हत्यात," त्या पोरांना सांगायच्या. "शेतात भाऊ भांडत्यात, कागदावर डोळं."

पुनावळ्यात सर्व्हिस रोडला लागून आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. तिथे मी आठवड्यातून दोन दिवस तासिका तत्त्वावर संगीत शिकवतो. माहितीपत्रकात 'संगीत विभाग' असं छापता यावं म्हणून मला ठेवलंय, हे मलाही माहीत आहे आणि अध्यक्षांनाही. आक्का अध्यक्षांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर त्या माहेरी आल्या. त्याआधी चिंचवडच्या एका छापखान्यात त्यांनी कित्येक वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या होत्या, म्हणून कॉलेजात जिन्याखालची खोली आणि एक कॉम्प्युटर त्यांच्या वाट्याला आला. ओळखपत्रं, हॉलतिकिटं, सूचना आणि भावाचे वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं त्या खोलीतून निघायचं. फ्लेक्सवर भावाचा चेहरा उजळवताना त्या हसायच्या. "ल्हानपणी ह्यो काळाकुट्ट व्हता. मी दर वर्षी एक हात देते."

कॉलेजची इमारत ज्या शेतावर आहे ते त्यांचंच. वाटणीच्या वेळी बहीण हक्क सोडून सही करते आणि साडी घेऊन घरी जाते, हा आपल्याकडचा रिवाज तुम्हाला सांगायला नको. आक्कांनीही सही केली होती. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. एकदाच मला म्हणाल्या, "मास्तर, तुमचा क्लास हाय ना, तिथं आमची विहीर व्हती. म्हणून तुमचा तबला घुमतो. तुमच्या हातात काय न्हाई."

माणूस म्हणून त्या सोप्या नव्हत्या. तोंड फटकळ, चहात साखर कमी पडली तर शिपायाचा उद्धार, आणि पोपटी रंगाचं अतोनात वेड.

तर पोरांनी संगीताचं मासिक काढायचं ठरवलं. म्हणजे वर्षाला एकच अंक, पण त्याला ते मासिकच म्हणत. अकरावी-बारावीची पोरं. कुणी ढोलपथकात, कुणी मोबाइलवर रॅप करणारा, कुणाचे वडील गावाकडे भजनी मंडळात. आपल्या वयाच्या पोरांनी आपल्या वयाच्या पोरांसाठी काढलेला अंक, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी लगेच परवानगी दिली. त्यांना वाटलं, स्नेहसंमेलनात प्रकाशनाचा एक कार्यक्रम वाढला.

आक्कांनी पहिलं मुखपृष्ठ केलं. त्यावर वीणा, मोर आणि खाली पोपटी पट्टा. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"आक्का, राग नका मानू," अकरावीतली ऋतुजा म्हणाली. "पण हे मुंजीचं निमंत्रण वाटतंय."

आक्कांनी दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी पोरांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, "मग तुमी काय ऐकता, कशावर ऐकता, ते दावा." पोरांनी दाखवलं. एकाच्या हेडफोनची वायर तुटून चिकटपट्टीने जोडलेली होती. मुखपृष्ठावर ती वायर आली. खालचा पट्टा मात्र पोपटीच राहिला. तेवढं पोरांनी ऐकून घेतलं.

त्यांची काम करायची पद्धतच वेगळी होती. पान तयार झालं की त्याची प्रिंट घ्यायच्या, बसस्टॉपवर जायच्या आणि अनोळखी पोराच्या हातात ते द्यायच्या. "वाच रं जरा." पोरगं वाचायला लागलं की या त्याच्या डोळ्यांकडे टक लावून उभ्या. नजर जिथे कागदावरून उठून फोनकडे जाईल, तिथे पेनने खूण. पोरं घाबरायची. एकाने तर न वाचताच बस पकडली.

मी भावपूर्ण लेख दिला होता, राग आणि मानवी मन यांवर. बसस्टॉपवरून तो परत आला तेव्हा पहिल्याच ओळीत खूण होती. "मास्तर, हे प्रवचन हाय," आक्का म्हणाल्या. लेखाच्या सहा ओळी झाल्या. मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. अजूनही वाटतं की दहा तरी ठेवायला हव्या होत्या.

ऋतुजाने मात्र लेख दिलाच नव्हता. लातूरकडचं कुटुंब, वडील महाळुंग्याला एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर. पोरीचा गळा गोड, पण ताल सारखा घसरायचा आणि मी तिच्यावर ओरडायचो. शेवटी आक्कांनी तिला समोर बसवलं. "घरी गाती का? कुणाला ऐकवती? तेवढंच लिव्ह." तिने तिथेच बसून लिहिलं ते असं होतं:

'माझे बाबा प्रेसशॉपमध्ये आहेत. त्यांच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही. म्हणून गाताना मी उजवीकडे बसते. पण उजेड डावीकडून येतो आणि त्यांना माझा चेहरा बघायचा असतो, म्हणून ते मला डावीकडे बसवतात. मग ते माझ्या ओठांकडे बघून मांडीवर ताल धरतात. तो चुकतो. मी त्यांच्या चुकलेल्या तालावर गाते.'

आक्कांनी ते वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. नंतर उगाच पंख्यावर रागावल्या, धूळ उडते म्हणून. त्या दिवसानंतर मी त्या पोरीला तालावरून बोललो नाही.

मग त्यांनी जोडपान लावायला घेतलं. उजव्या पानावर, खाली, ऋतुजाच्या ओळी. डावं पान पूर्ण कोरं.

"इथे चित्र?" मी विचारलं.

"काय न्हाई. डावा कान हाय त्यो."

ते पान बसस्टॉपवर गेलं. डिलिव्हरीवाल्याच्या टी-शर्टमधला एक पोरगा होता. त्याने ओळी वाचल्या, मग डाव्या पानावर नजर नेली आणि तिथे काही नसताना बघत राहिला. आक्का परत आल्या त्या पेनाचं टोपणही न काढता.

छपाईला जायच्या आधी अंक अध्यक्षांना दाखवायचा होता. मी तिथेच होतो. त्यांनी पानं उलटली, डाव्या पानाशी थांबले.

"आक्का, हितं काय राह्यलंय?"

"काय न्हाई राह्यलं."

"अगं, हितं गुंठ्याला काय भाव चाललाय, आन् तू आख्खं पान पडीक ठेवलंस?"

"पडीक न्हाई. ऋतुजाचं हाय ते."

"तिचं उजव्या बाजूला आलंय की."

"डावं बी तिचंच."

अध्यक्ष हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, बघा राव." मला वाटलं आक्काही हसतील. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. "माझ्या वाटणीला तू सही मागितली, मी दिली," त्या म्हणाल्या. "त्यावर कधी तोंड उघडलं का? ह्या पोरीच्या वाटणीला हात लावायचा न्हाई."

मग अध्यक्षांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे बाई तुझं पान. एवढं काय त्यात." आणि चहा मागवला.

आक्का त्या दिवशी इतक्या खूश होत्या की शिपायालाही वडापाव मिळाला. त्यांचा भावावर विश्वास बसला. आयुष्यभर ज्याला ओळखलं त्याच्यावर माणसाचा विश्वास बसतो कसा, हे मला आजही कळत नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी गठ्ठे आले. आक्कांनी वरची प्रत काढली, पोपटी पट्ट्यावर बोट फिरवलं आणि अंक मधोमध उघडला.

डाव्या पानावर अध्यक्ष होते. रंगीत, हाताची घडी घातलेले, दुधासारखे गोरे. खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. आणि चारी कडांना, जिथे बांध असायचा तिथे, शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, खांद्याला खांदा लावून. हा तोच फ्लेक्स होता जो आक्कांनी आठवड्यापूर्वी चौकासाठी केला होता. त्यांच्याच कॉम्प्युटरमधून कुणीतरी तो काढून पानात बसवला होता.

त्या भावाकडे गेल्या. तो स्टेजमागे फेटा बांधून घेत होता.

"हे काय केलंस?"

"तूच केलेली डिझाइन हाय की, आक्का. दुसऱ्या कुणाची लावली का मी?"

फेटेवाला हसला. मी तिथे होतो, आणि सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्याला खरोखरच वाटत होतं की त्याने बहिणीचा मान ठेवला. मला राग येतो तो याचाच.

ऋतुजाचे वडील पहिली पाळी करून महाळुंग्याहून थेट आले होते, अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला ओळखपत्र. पोरगी त्यांच्या उजवीकडे बसली होती. तिने अंक आधीच बघितला होता आणि मांडीखाली दाबून ठेवला होता. त्यांनी शेजारच्याची प्रत मागून घेतली.

ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात. अर्ध्या मंडपाला ऐकू गेलं. "अगं माय! साहेबाच्या शेजारी आलीस की गं तू!"

त्यांनी पोरीच्या ओळी वाचल्या की नाही, मी सांगू शकत नाही. ते दोन्ही पानं पसरून पुढच्या रांगेला दाखवत होते, मागच्या रांगेला दाखवत होते. ऋतुजा खाली बघत होती. तेवढ्यात त्यांना कुणीतरी आक्कांकडे बोट दाखवलं.

"म्याडम, हे तुमीच केलाव म्हणं?"

आक्कांकडे बघवत नव्हतं. मला वाटलं, आता या सगळं सांगणार. भर मंडपात भावाची अब्रू काढणार. काढायलाच हवी होती. आक्का त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, मग बाजू बदलून त्याच्या उजव्या कानाशी वाकल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच केलं. पोरीनं लई ग्वाड लिव्हलंय, घरी जाऊन नीट वाचा."

दुसऱ्या दिवसापासून जिन्याखालची खोली बंद. अध्यक्ष सांगायचे, आक्काची तब्येत बरी नसते. त्या अध्यक्षांच्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायच्या. मी एकदा भेटायला गेलो. गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"ऋतुजाचा बाप काय म्हणतो?"

"पानं फ्रेम करून भिंतीला लावलीत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं, "फ्रेमवाल्यानं कडंला बांध सोडलाय का?" मी हो म्हणालो. सोडला नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर आक्का गेल्या. चौकात फ्लेक्स लागला. तो कुणी केला माहीत नाही, पण चेहरा उजळवायला कुणी विसरलं नव्हतं.

ऋतुजा आता बारावीला आहे. या वर्षीच्या अंकाच्या वेळी ती आणि बाकीची पोरं अध्यक्षांकडे गेली. आक्कांसाठी एक पान द्या म्हणाली. डावं पान, आणि ते कोरं ठेवा, खाली फक्त त्यांचं नाव. अध्यक्षांचे डोळे भरून आले. खरंच आले, मी समोर होतो. "अरे, माझीच बहीण ती," ते म्हणाले. "तुमी म्हणाल तसं."

काल अंक आला. डावं पान आक्कांना दिलंय. मधोमध त्यांचा फोटो, ओळखू येणार नाही इतका गोरा. शेजारी त्यांच्याहून मोठे अध्यक्ष. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि चारी कडांना 'शोकाकुल'.

मी पानाच्या कडेवर दोन बोटं आडवी ठेवून पाहिली. बोटांखाली तीन कार्यकर्ते आले, तिघेही हात जोडून.