हेर्मेलिंदाची जीभ, हेर्मेलिंदाचा दम

हेर्मेलिंदा सेबायोसच्या खानावळीत मोजमापाचं एकही भांडं नाही. मीठ मुठीने पडतं, दूध थेट किटलीतून, आणि रोकोतो मिरची पाट्यावर वाटली जाईल तेवढी. सगळं नीट जमलं की नाही, हे ठरवण्याचं काम तियाबाया गावात गेली चाळीस वर्षं तिच्या जिभेकडे आहे. आरेकिपा शहरात आणि आसपास कोणत्या वारी कोणता रस्सा करायचा हे पंचांगासारखं पक्कं असतं, त्यामुळे माणसं तुलना करतात. या शुक्रवारची चुपे, म्हणजे दाट रस्सा, गेल्या शुक्रवारसारखी लागली नाही, तर ते दुपारपर्यंत चर्चपाशी पोचलेलं असतं.

शुक्रवारची चुपे सर्वांत अवघड. नदीतली कोळंबी, लाल भोपळा, पावटे, बटाटे, शेवटी दूध आणि ताजं चीज. दुधाची गोडी आणि मिरचीचा ठसका यांच्यात मीठ उभं राहायला हवं. जास्त झालं तर कोळंबी मरते, कमी पडलं तर भोपळा अंगावर येतो. हेर्मेलिंदाच्या आईने तिला हे शब्दांत कधी सांगितलं नाही. तिने फक्त पळी पुढे केली आणि पोरीचं तोंड बघितलं.

ते स्वयंपाकघर अजून तेच आहे. भिंती इथल्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाच्या, आतून मात्र काळ्या कुळकुळीत. खिडकी एकच, तीही अंगणाच्या बाजूला आणि लहान. चुलीत निलगिरीची लाकडं. शहरातल्या काही खानावळी गॅसवर गेल्या, ही गेली नाही. हेर्मेलिंदाने जन्मात एक सिगारेट ओढलेली नाही. तरी सहासष्टाव्या वर्षी चर्चची चढण तिला दोन ठिकाणी थांबल्याशिवाय चढवेना, आणि सकाळचा खोकला दुपारपर्यंत सोबत राहू लागला, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉ. क्विकान्यो यांनी तिला नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि सांगितलं की हा फुप्फुसांचा जुना आजार आहे, सिगारेटवाल्यांना होतो तोच.

"मी तर ओढलीच नाही कधी," ती म्हणाली.

"चुलीने ओढली ना, माय. तुम्ही शेजारी उभ्या होतात."

त्यांनी तिला हातात मावणारी एक चपटी गोल डबी दिली. खटका दाबला की आत एका वेळेची भुकटी मोकळी होते, ती तोंडाने जोरात ओढून घ्यायची. भुकटीत दोन औषधं एकत्र. एक श्वासाच्या नळ्या बराच वेळ मोकळ्या ठेवतं, दुसरं आतली सूज कमी करतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

हेर्मेलिंदाने डबी तोंडाला लावली आणि गाल फुगवून तिच्यात फुंकर मारली. भुकटी डॉक्टरांच्या टेबलावर उडाली.

"फुंकायचं नाही! ओढायचं!"

"लहानपणापासून नळी तोंडाला लावून चूल फुंकतेय मी. तोंडाला काही लागलं की श्वास बाहेरच जातो, त्याला मी काय करू?"

मुलगी ओफेलिया बाजूला बसून हसत होती. पुन्हा शिकवणी झाली. श्वास आधी बाहेर सोडायचा, पण तोंड डबीपासून लांब नेऊन. मग ओठ घट्ट लावून एका दमात खोल ओढायचं आणि झेपेल तेवढं आत धरायचं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की दर वेळी पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ते पाणी थुंकून टाकायचं. हेर्मेलिंदा हो म्हणाली. डॉक्टरांना सगळे हो म्हणतात.

औषधाने गुण दिला. महिन्याभरात ती पुन्हा पाट्याशी उभी राहून दोन्ही हातांनी वाटायचा जड दगड डोलवू लागली. डबी तिने चुलीवरच्या कोनाड्यात, संत लॉरेन्सच्या तसबिरीशेजारी ठेवली होती. तिथे ती हाताशी राही. चूल पेटवायची, हंडा चढवायचा, मिरची भाजायची आणि अंग चांगलं तापलं की डबी ओढायची. चूळ ती एकदाही भरत नव्हती.

हा आळशीपणा नव्हता. तियाबायात तापलेल्या अंगाने पाण्याला कोणी शिवत नाही. इस्त्री करणाऱ्या बायका संध्याकाळपर्यंत हात धूत नाहीत. भट्टीवरचा पाववाला घोंगडीत अंग गुंडाळून घरी जातो. हेर्मेलिंदा पोरसवदा असताना शेजारची कासिमिरा भट्टीपुढून उठली, हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा अर्धा चेहरा ओघळला. डावा डोळा मिटेना, पेज तोंडाच्या कोपऱ्यातून गळायची. तिला लोकांनी मरेपर्यंत तशीच पाहिली. चुलीपासून उठून बर्फाच्या डोंगरावरून येणारं पाणी तोंडात घेणं म्हणजे आपल्या हाताने तोंड वाकडं करून घेणं. हे डॉक्टरांना सांगायची गरज तिला वाटली नाही. इथल्या माणसाला ते ठाऊक असणारच, असं तिने धरलं.

मग मीठ वाढू लागलं.

पहिल्यांदा ओफेलियाच्या लक्षात आलं. तिने आईची पाठ फिरली की हंड्यात बटाटे टाकायला सुरुवात केली. पुढच्या शुक्रवारी बटाटेही पुरले नाहीत. कोपऱ्यातल्या टेबलावर रोज बसणारे निवृत्त शिक्षक अबुंदिओ मास्तर यांनी पहिला घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. आमच्याकडे जेवण खारट झालं की स्वयंपाकीण प्रेमात पडली असं म्हणतात.

"हेर्मे," मास्तर ओरडले, "कोण आहे तो? नाव तरी कळू दे!"

"तुम्ही नाही, एवढं नक्की!" ती आतून म्हणाली, आणि सगळी खानावळ हसली.

"लग्नाला उशीर करू नका मावशी," दुसऱ्या टेबलावरचा एक ट्रकवाला म्हणाला. "अजून दोन शुक्रवार असेच गेले तर आमचा रक्तदाब आभाळाला टेकेल."

हेर्मेलिंदाही हसली. पण दुपारी ताटं परत आली ती अर्धी भरलेली. तिने एका ताटातला रस्सा बोटाने चाखला. त्यात खारटपणा नव्हता, तिखटपणा नव्हता, दूधही नव्हतं. तोंडात ओला पुठ्ठा धरल्यासारखं वाटलं. तिने खोलीत जाऊन आरशापुढे जीभ बाहेर काढली. जिभेवर आणि गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे ठिपके होते. पुसले तर खाली लाल हुळहुळी जागा.

तिचा हिशोब सरळ होता. नवीन गोष्ट घरात एकच आली होती, ती डबी. डबीने दम दिला आणि जीभ घेतली. दम नसला तर खुर्चीत बसून खानावळ चालवता येते. जीभ नसली तर खानावळच नाही. ओफेलियाचा हात चांगला होता, पण शेवटचं मीठ तिने कधी ठरवलेलं नव्हतं, आणि आईने ते तिला कधी ठरवू दिलं नव्हतं.

हेर्मेलिंदाने औषध बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही. सकाळ-संध्याकाळ ती कोनाड्यापाशी जाऊन फक्त खटका दाबायची, म्हणजे बाहेर ओफेलियाला आवाज जाईल.

जिभेवरचे ठिपके जाता जाईनात. दम मात्र चटकन उतरला. आधी पाटा सुटला, मग अंगणातला हौद लांब वाटू लागला. एका गुरुवारी भर गिऱ्हाइकीत ती मिरचीच्या धुरात उभी असताना छाती बंद झाली. हवा आत जाईना आणि असलेली बाहेर येईना. तिने कोनाड्यातली डबी ओढून काढली आणि घाबरून लागोपाठ तीनदा औषध घेतलं. छाती मोकळी झाली नाही. हृदय मात्र पाखरासारखं फडफडू लागलं. ओफेलियाने तिला धरून बाहेर आणलं. लग्नावरून चिडवणाऱ्या त्याच ट्रकवाल्याने बटाट्याची पोती खाली टाकून तिला पुढच्या सीटवर बसवलं.

दवाखान्यात वाफेचा मुखवटा लावल्यावर तासाभराने ती बोलू लागली. डॉ. क्विकान्यो स्टूल ओढून समोर बसले.

"औषध रोज घेत होतात?"

"हो."

"रोज घेते, डॉक्टर," ओफेलिया म्हणाली. "खटक्याचा आवाज येतो ना मला."

"खटका मीही दाबू शकतो," डॉक्टर म्हणाले. "माय?"

हेर्मेलिंदाने कोणी न सांगता जीभ बाहेर काढली. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं.

"चूळ भरत नव्हतात."

"चूळ? चुलीपासून उठून? माझं तोंड वाकडं करायचंय का तुम्हाला?"

"आई, डॉक्टरांशी असं…"

"तू गप गं. कासिमिराचं तोंड कुठल्या डॉक्टरने सरळ केलं होतं?"

ओफेलियाने कासिमिरा कोण ते सांगितलं. चेहरा लुळा पडतो तो पाण्याने नव्हे, हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. मग त्यांचा विचार बदलला असावा.

"माझी आजी इस्त्री केली की रात्री जेवायलाही हात धुवायची नाही," ते म्हणाले. "आम्ही तिला भरवायचो. मला सांगा, चूल पेटवायच्या आधी अंग कसं असतं?"

"गार. कसं असणार?"

"मग औषध तेव्हा घ्यायचं. अंथरुणातून उठलात की. आणि संध्याकाळी चूल विझून अंग निवलं की. पाणी गार नको असेल तर कोमट घ्या. मुन्याचा पाला घालून उकळा, निवू द्या, त्याने चूळ भरा. कासिमिरा कोमट पाण्याने वाकडी झाली होती का?"

हेर्मेलिंदाने विचार केला. "नाही. हौदाच्या."

"झालं तर. पण गिळायचं नाही. थुंकायचं. सूज उतरवणारं औषध फुप्फुसासाठी आहे. ते तोंडात राहिलं की तिथे बुरशी धरते, ते हे ठिपके. चव त्यांनी घेतली तुमची."

त्यांनी बुरशीसाठी तोंडात घोळवायचं पातळ औषध दिलं. मग दुसरी गोष्ट सांगितली, आणि या वेळी ती ओफेलियाकडे बघून सांगितली. गोल डबी रोजची आहे. अचानक धाप लागली म्हणून ती पुन्हा पुन्हा ओढायची नाही, त्याने धाप जात नाही, छाती धडधडते. धाप लागली तर हा वेगळा छोटा पंप. त्याने उतार पडला नाही तर वाट न बघता इथे यायचं. डबी चुलीवर ठेवायची नाही, वाफेने भुकटीचे गोळे होतात. आणि औषधाचा त्रास वाटला तर आधी येऊन सांगायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही.

"खटका तर मुळीच वाजवायचा नाही," ओफेलिया म्हणाली.

हेर्मेलिंदाने तिच्याकडे पाहिलं नाही. "जीभ परत येईल?" तिने विचारलं.

"येईल."

"आणि दम?"

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. "गेलेला येत नाही, माय. आहे तो राखायचा. चुलीपासून जितक्या लांब राहाल तितका राहील."

गॅसला ती तयार झाली नाही. पण गवंडी बोलावून चुलीवर मोठं धुराडं बांधून घेतलं, आणि लाकडं सारण्याचं काम ओफेलियाकडे गेलं. दाराशी, अंगणाच्या हवेत, एक बाक आला. हेर्मेलिंदा आता तिथे बसून पावटे सोलते आणि हुकूम सोडते. सकाळी अंगण गार असताना ती खोलीतल्या फळीवरून डबी काढते, श्वास बाजूला सोडते, ओढते, धरते. मग मुन्याच्या, त्या डोंगरी पुदिन्याच्या, कोमट पाण्याने इतक्या जोरात गुळण्या करते की शेजारचा कुत्रा भुंकतो.

जीभ बरी होईपर्यंत मधले शुक्रवार होतेच. पहिल्या शुक्रवारी तिने स्वतः दारात उभं राहून जाहीर केलं, "माझी जीभ रजेवर आहे. आज मीठ ओफेलियाचं. ज्याला पटत नसेल त्याने घरी जाऊन बायकोच्या हातचं खावं."

"ही धमकी झाली, हेर्मे," मास्तर म्हणाले, आणि जागेवरच बसले.

आत ओफेलिया पळी धरून उभी होती. आई बाकावरून विचारत होती.

"काय लागतंय?"

"बरं लागतंय."

"बरं ही चव नव्हे. आधी काय येतं जिभेवर?"

"दूध."

"मग?"

"भोपळा. नाही, कोळंबी. मग भोपळा."

"आणि मिरची कुठे येते?"

"शेवटी. घशात."

"मीठ लागतंय का?"

ओफेलियाने पुन्हा चाखलं. "वेगळं नाही लागत."

"मग थांब. हात काढ मिठातून."

त्या दिवशी ताटं रिकामी परत आली. हेर्मेलिंदाने ती एकेक करून पाहिली. असे आणखी दोन शुक्रवार गेले. मग एका सकाळी चूळ भरून झाल्यावर तिला मुन्याचा कडवट वास जिभेवरही लागला. तिने थोडा पाला चावून बघितला, मग कांद्याची पात, मग मिठाचा खडा. ओफेलियाला सांगितलं नाही.

दुपारी हंड्याला कढ आला, तेव्हा ती बाकावरून उठली, चुलीपासून हातभर लांब थांबली आणि हात पुढे केला. ओफेलियाने पळी दिली. म्हातारीने चाखलं, डोळे मिटून पुन्हा चाखलं.

"मीठ?" ओफेलियाने विचारलं.

"मीठ बरोबर आहे."

"मग तोंड असं का केलंस?"

"दूध लवकर घातलंस. हंड्याच्या कडेला धरलंय ते. लागतंय मला."

ओफेलियाने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. धूर आता तसा कमीच होता.

"रडतेस काय? पुढच्या वेळी चीजबरोबर घाल," हेर्मेलिंदा म्हणाली. तेवढं उभं राहूनही तिला श्वास लागला होता. ती बाकाकडे गेली, बसली, थोडा वेळ नुसती हवा घेत राहिली. पळी अजून तिच्या मांडीवर होती. ती तिने मुलीपुढे धरली.

"आता दर शुक्रवारी तू आधी चाखायचं. मी नंतर."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर मी आहे ना इथे," हेर्मेलिंदा म्हणाली, आणि पुन्हा श्वास घेऊन, "मला आणखी काय काम आहे."